बाग पाहण्यासाठी आहे

हॅलवर्ड कोर्टच्या तिसऱ्या जिन्याला सेहेचाळीस पायऱ्या आहेत, आणि बर्निस गुटोव्स्कीला वरच्या मजल्यावर राहायला येऊन सेहेचाळीस वर्षं झाली होती. हा योगायोग तिनेच मला सांगितला आणि लगेच म्हणाली, "यात काही अर्थबिर्थ शोधू नकोस. पायऱ्या मोजायला लागले ते गुडघा बदलल्यावर."

गुडघा फेब्रुवारीत बदलला. मार्चमध्ये डॉक्टरांनी दुसऱ्या गुडघ्याचा फोटो पाहून सांगितलं की जिना बंद. आमच्या इमारतींना लिफ्ट नाही. १९२३ साली बांधताना तीन मजल्यांना लिफ्ट कशाला, असा विचार केला गेला, आणि तो तेव्हा तरुण असलेल्यांनी केला. बर्निससमोर दोनच वाटा होत्या. एक, पेनसिल्व्हानियात स्क्रॅन्टनला भाचीच्या घरी तळघरातली खोली. दोन, त्याच जिन्यातलं तळमजल्याचं घर, जे हॅरिएट ब्लूम मुलीकडे फ्लोरिडाला गेल्यामुळे विकायला निघालं होतं.

"स्क्रॅन्टनला माणसं राहायला जात नाहीत," बर्निस म्हणाली. "वाट बघायला जातात." तिने हॅरिएटच्या घरासाठी अर्ज केला.

आमच्याकडे घर विकत घेणारा सोसायटीचा सभासद होतो, आणि सभासद करून घ्यायचं की नाही हे कमिटी ठरवते. अर्ज, कागदपत्रं, ओळखीच्या तिघांची शिफारसपत्रं आणि समोरासमोर मुलाखत. कमिटीने नाही म्हटलं तर कारण द्यावं लागत नाही. शहराच्या आमच्या भागात, क्वीन्समध्ये, जुन्या सोसायट्यांमधून हे असंच चालतं. फरक इतकाच की आमच्या पद्धतीचा शब्द न् शब्द बर्निसने लिहिलेला आहे.

तिची नोकरी क्वीन्सच्या फौजदारी कोर्टात होती. साक्षी टिपून घेणारी लघुलेखिका. चौतीस वर्षं तिने इतरांचं बोलणं जसंच्या तसं उतरवलं. खुनी रडला तर "साक्षीदार रडतो" एवढंच लिहायचं, किती रडला ते नाही, असं ती सांगायची. १९८६ मध्ये सोसायटीने नियमांची वही नव्याने करायचं ठरवलं तेव्हा काम आपोआप तिच्याकडे गेलं. पुढे ती वीस वर्षं प्रवेश समितीवर होती आणि एकतीस वर्षं बागेची प्रमुख.

बाग चौकाच्या मध्यभागी आहे. भोवती नऊ इमारती, एक्याऐंशी घरं, रस्त्यावरून काही दिसत नाही. चार मोठे प्लेन वृक्ष, मध्ये हिरवळ, कडेने खडीची वाट, आणि तळमजल्याच्या भिंतींलगत यू झाडाचं दाट, कापलेलं कुंपण. त्या बागेसाठी नियम नऊ आहे. "बाग पाहण्यासाठी आहे. वाटेवरून चालता येईल. बसणे, खाणे, खेळणे, खुर्ची किंवा चटई आणणे मना आहे." नियम मुळात इमारतींइतकाच जुना. बर्निसने फक्त त्याची भाषा स्वच्छ केली. अंमलबजावणी मात्र तिची स्वतःची होती. लेनी झास्लाव्स्की, आमचा सध्याचा अध्यक्ष, हायस्कूलमध्ये पदार्थविज्ञान शिकवायचा. १९९४ साली त्याने तान्ह्या मुलीला मांडीवर घेऊन हिरवळीवर बसून फोटो काढला. दुसऱ्या दिवशी दाराखालून चिठ्ठी आली: "फोटो उभ्याने काढता येतो." ती चिठ्ठी त्याने चौकटीत बसवून न्हाणीघरात लावली आहे.

अर्ज हातात पडल्यावर लेनी तिच्याकडे वर चढून गेला.

"बर्निस, तुझी कसली मुलाखत घ्यायची? तू इथे माझ्याआधीपासून आहेस. आम्ही पाच जण सह्या करतो आणि किल्ली घे."

"नियम कुणी लिहिला?"

"तू."

"त्यात 'बर्निस सोडून' असं कुठे लिहिलंय?"

"नाही. पण 'अक्कल गहाण टाकून' असंही लिहिलेलं नाही."

"लेनी, तुला दम लागलाय. बस. आणि मला तारीख दे."

तारीख मिळाली. अडचण आली ती तीन पत्रांची.

वहीत म्हटलं आहे की पत्र देणारा अर्जदाराला निदान पाच वर्षं ओळखणारा हवा, नातेवाईक नको, आणि हॅलवर्ड कोर्टचा सभासद नको. शेवटची अट बर्निसनेच घातली होती, कारण ऐंशीच्या दशकात इथले लोक एकमेकांच्या मेव्हण्यांना पत्रं देत सुटले होते. आता तिने आपली फोन नंबरांची वही उघडली. गेलेल्या माणसांची नावं ती पट्टी ठेवून खोडते. फॉरेस्ट हिल्सचे दाताचे डॉक्टर मिळाले. त्यांनी लिहिलं की तीस वर्षांत ती एकदाही उशिरा आली नाही. ज्यांच्या कोर्टात तिने काम केलं ते एक निवृत्त न्यायाधीश मिळाले, वय एक्क्याण्णव, पत्र हाताने लिहिलेलं आणि वाचायला अर्धा तास. तिसरं नाव सापडेना. ग्रीनपॉइंटच्या चुलत बहिणी नात्यातल्या. चर्चचे फादर दोन वर्षांपूर्वी बदलून आलेले. केस कापणारी शेजारच्या जिन्यात राहते. नवरा वॉल्टर जाऊन पंधरा वर्षं झाली, त्याचे मित्र त्याच्या आधी किंवा मागोमाग गेले. ज्या ज्या माणसांनी तिच्याबद्दल चार पानं भरून लिहिलं असतं, ती सगळी याच चौकात राहत होती आणि म्हणून बाद होती.

"घोळ माझाच आहे," ती मला म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती. "अट बरोबर आहे. फक्त सेहेचाळीस वर्षांनी कुणी पुन्हा अर्ज करील हे मला तेव्हा सुचलं नाही."

मग एका मंगळवारी ती काठी घेऊन सदतिसाव्या अ‍ॅव्हेन्यूवर गेली, एवेलिओ लोंदोन्योच्या दुकानात.

एवेलिओ बूट दुरुस्त करतो. कोलंबियाचा, अँतिओकियाच्या डोंगरातला, आता सहासष्ट वर्षांचा. १९९८ साली त्याने हॅलवर्ड कोर्टमध्ये घरासाठी अर्ज केला होता. कागद चोख होते. प्रवेश समितीच्या तिघांनी त्याला नाही म्हटलं, त्या तिघांत बर्निस होती, आणि त्याला गेलेलं एका ओळीचं पत्रही बर्निसच्या सहीचं होतं. त्याने रस्त्यापलीकडच्या सोसायटीत घर घेतलं. बर्निस त्याच्याकडे बूट नेत राहिली, कारण चामड्याची टाच नीट बसवणारा आसपास दुसरा कुणी नव्हता, आणि तो ते घेत राहिला. सव्वीस वर्षांत दोघांनी त्या पत्राचा विषय काढला नव्हता.

त्या मंगळवारी काय बोलणं झालं ते मला दोघांनीही वेगवेगळं सांगितलं. एका गोष्टीचा फरक सोडला तर दोन्ही सारखं आहे. एवेलिओ म्हणतो ती स्टुलावर बसली होती. बर्निस म्हणते ती उभी होती.

"आज बूट नाहीत?" एवेलिओने विचारलं.

"नाहीत. पत्र हवंय. मी तळमजल्याच्या घरासाठी अर्ज केलाय. तुम्ही मला पाच वर्षांहून जास्त ओळखता, नातेवाईक नाहीत आणि आमचे सभासद नाहीत."

एवेलिओने मशीन बंद केलं. "सभासद नाही ते खरं," तो म्हणाला. "का नाही तेही तुम्हालाच ठाऊक, सेन्योरा."

"हो."

"मग आधी ते सांगा. पत्राचं नंतर बघू."

"आमच्यात कारण देत नाहीत."

"तुमच्यात देत नसतील. हे माझं दुकान आहे."

 बर्निसने कोर्टात उतारा वाचून दाखवावा तसं सांगितलं. "आम्ही प्रत्येकाला शेवटी एक प्रश्न विचारतो. आमच्या नियमांपैकी कुठला तुम्हाला जड जाईल? तुम्ही म्हणालात, नववा. म्हणालात, माझ्या आईची एक खुर्ची आहे, आमच्या गावाहून, हेरिकोहून आणलेली, गाईच्या कातड्याची. रविवारी तिला बागेत नेऊन बसवावं म्हणतो."

"हे मी म्हणालो होतो."

"शब्दशः. मी टिपून घेतलं होतं."

"आणि म्हणून?"

"म्हणून. त्या प्रश्नाला सगळे 'कुठलाच नाही' म्हणतात. तुम्ही नियम मोडणार हे आधीच सांगितलंत, मी मत दिलं."

एवेलिओ हसला नाही. "मला वाटत होतं माझ्या उच्चारांमुळे," तो म्हणाला. "सव्वीस वर्षं. बायकोला तेच सांगितलं, पोरांनाही तेच."

"माझ्या मतामागे उच्चार नव्हते. त्या वर्षी आम्ही तुमच्या देशाकडचीच दोन कुटुंबं मंजूर केली."

"आणि बाकीचे दोघे?"

"त्यांचं माहीत नाही. मी विचारलं नाही." आणि मग, दोघांच्याही सांगण्यात सारखंच असलेलं वाक्य: "विचारायला हवं होतं."

एवेलिओने मशीन पुन्हा सुरू केलं. "आई पलीकडच्या बागेत नऊ वर्षं बसली," मशीनच्या आवाजावरून तो म्हणाला. "शेजारणींना शिव्या द्यायला शिकली, इंग्रजीतून. पत्र लिहून पाठवतो. काय लिहीन ते विचारू नका."

"विचारता येतच नाही. पाकीट बंद असतं."

"तुमचा नियम?"

"माझाच."

मुलाखत शनिवारी सकाळी झाली, तळघरात, धुण्याच्या मशिनांशेजारच्या खोलीत. मी त्या वर्षी कमिटीवर होतो. टेबलाच्या एका बाजूला आम्ही पाच जण, दुसऱ्या बाजूला एकटी खुर्ची आणि पाण्याचा ग्लास. अर्जदाराला पाण्याशिवाय काही द्यायचं नाही, ही बर्निसची सूचना वहीत आहे. कॉफी दिली की माणूस मोकळा होतो आणि मग आपल्याला नाही म्हणणं जड जातं, असं त्यामागचं कारण. आम्हा पाचांसमोर कॉफी होती आणि कुणीतरी आणलेला बाबका, चॉकलेट घातलेला गोड पाव. बर्निस जिना उतरून आली, एकेक पायरी, मदत नाकारत. निळा सूट, कोर्टातला. तिने खुर्ची थोडी सरळ केली, बसली आणि आमच्याकडे पाहिलं. मुलाखत कोण घेतंय याबद्दल क्षणभर शंका यावी असं ते पाहणं होतं.

लेनीने तिसरं पाकीट फोडलं, मनात वाचलं, चष्मा काढून पुसला आणि म्हणाला, "हे मी मोठ्याने वाचणार आहे."

"लेनी, पत्रं अर्जदारासमोर वाचत नाहीत. नियम सतरा."

"बर्निस, अर्जदार नियम सांगत नाहीत. पाणी पी."

त्याने वाचलं. पत्र छोटं होतं.

"कमिटीस. मी मिसेस गुटोव्स्कींना सव्वीस वर्षं ओळखतो. १९९८ साली त्यांनी मला तुमच्याकडे घर मिळू दिलं नाही आणि कारण सांगितलं नाही. गेल्या मंगळवारी सांगितलं. कारण मूर्खपणाचं आहे, पण मला वाटतं खरं आहे. तुमच्याकडच्या दुसऱ्या कुणी आजवर एवढंही केलेलं नाही. त्यांच्या उजव्या बुटाची टाच बाहेरच्या बाजूने झिजायची. भरभर चालणाऱ्या माणसाची तशी झिजते. वर्षभरात त्यांनी टाच बदलायला आणलेली नाही. त्यांना खालचं घर द्या. एवेलिओ लोंदोन्यो."

शेजारच्या खोलीत कुणाचं तरी मशीन पिळण्यावर आलं आणि टेबल थरथरलं. बर्निस पत्राकडे नाही, पाण्याच्या ग्लासाकडे बघत होती. मग लेनीने आमच्याकडे पाहिलं. उरला होता शेवटचा प्रश्न. तो विचारू नये असं मला वाटलं, आणि माझी खात्री आहे की बाकीच्यांनाही वाटलं. उत्तर ठरलेलं होतं, तिनेच ठरवलेलं. "कुठलाच नाही" एवढं म्हणायचं आणि किल्ली घ्यायची.

"आमच्या नियमांपैकी कुठला तुला जड जाईल?" लेनीने विचारलं.

"नववा," बर्निस म्हणाली.

लेनीच्या हातातलं पेन टेबलावर आलं. "बर्निस, नीट ऐकलंस ना?"

"माझे गुडघे गेलेत, कान नाहीत. नववा. घर बघायला गेले तेव्हा हॅरिएटच्या तिन्ही खिडक्यांतून पाहिलं. स्वयंपाकघर, बैठकीची खोली, झोपायची खोली. यूचं कुंपण दिसतं. फक्त कुंपण, तेही आतल्या बाजूने, काटक्या. वरून ही बाग नकाशासारखी दिसते. खालून ती नाहीच. एकतीस वर्षं मी तळमजल्याच्या लोकांना चिठ्ठ्या पाठवल्या, की बाग खिडकीतून पाहा. त्यांच्या खिडकीतून बाग दिसत नाही हे मला कुणी सांगितलं नाही."

"सांगितलं होतं," लेनी म्हणाला. "हॅरिएटने. १९९३ साली, लेखी. मी तेव्हा नवा होतो, मला आठवतं."

बर्निसने आठवून पाहिलं. "हो," ती म्हणाली. "मी ते फाइलला लावलं."

कुणी हसलं नाही. लेनीसुद्धा नाही, आणि त्याच्या न्हाणीघरात ती चौकट आहे.

"तर माझं उत्तर असं," बर्निस पुढे म्हणाली. "नियम नऊ जोवर आहे तोवर मी पाळेन. बसणार नाही, कुणाला बसू देणार नाही. पण तो बदलावा म्हणून जे करता येईल ते करेन. दोन बाक, भिंतीपासून लांब, प्लेनच्या झाडाखाली. हे उत्तर दुसऱ्या कुणी दिलं असतं तर मी नाही म्हटलं असतं. तुम्ही काय करायचं ते तुम्ही ठरवा." मग काठी घेऊन उठताना तिने टेबलाकडे पाहिलं. "बाबका कुणी आणलाय? कोरडा पडलाय तो. झाकून ठेवा."

ती गेल्यावर आमच्यात काय चर्चा झाली ते नियमाप्रमाणे सांगता येत नाही. फार वेळ चालली नाही, एवढं सांगतो. एक जण म्हणाला की हिला मंजूर केलं तर १९९८ सालच्या त्या माणसाला काय तोंड दाखवायचं. दुसरी म्हणाली, नामंजूर केलं तर तरी काय दाखवणार. मग मत झालं.

सोमवारी तिला पत्र गेलं. मंजुरीच्या पत्राचा मजकूरही तिचाच आहे, १९८६ पासून बदललेला नाही: "आपला अर्ज मंजूर झाला आहे. कमिटी आपल्या निर्णयांची कारणे देत नाही." बर्निसने फोन करून लेनीला सांगितलं की पत्रावर तारीख चुकीची पडली आहे. लेनीने पत्र पुन्हा पाठवलं.

जूनमध्ये ती खाली आली. सामान उतरवायला सगळा जिना होता, आणि कुणी काय धरायचं ते ती काठीने दाखवत होती. वरच्या घरात एक शाळामास्तरीण आणि तिचा नवरा आले. त्यांनी मुलाखतीत शेवटच्या प्रश्नाला "कुठलाच नाही" असं उत्तर दिलं. आठवड्याभरातच त्यांना बर्निसचा फोन गेला, दिवाणखान्याच्या खिडकीतून बाग कशी दिसते ते विचारणारा. नंतर मतांसाठीही गेला.

नियम बदलायचा तर वार्षिक सभेत दोन तृतीयांश मतं लागतात, एक्याऐंशीपैकी चोपन्न. सभा मे महिन्यात. बर्निसने जुलैपासूनच सुरुवात केली. तिने घरोघर जायचं सोडून घरोघरच्यांना खाली बोलावलं. कॉफी दिली. स्वयंपाकघराच्या खिडकीशी एकच खुर्ची ठेवलेली असे, तिच्यावर बसवून ती म्हणायची, "पाहा." आलेला माणूस काटक्या पाहायचा. ती आणखी काही बोलायची नाही. काही जण कॉफी पिऊन नाही म्हणून गेले. कबुतरं येतील, पोरं येतील, आज बाक उद्या बार्बेक्यू. यातली निम्मी वाक्यं बर्निसच्याच जुन्या चिठ्ठ्यांतली होती आणि ती त्यांना तसं सांगायची.

एप्रिलमध्ये एवेलिओ आला. तिने नव्या टाचा बसवलेले बूट आणायला कुणाला पाठवलं नव्हतं. तोच दुकान बंद करून घेऊन आला. मी तेव्हा तिथेच होतो, माझ्या जिन्यातली चार मतं पक्की झाल्याचं सांगायला. एवेलिओ हॅलवर्ड कोर्टच्या आत १९९८ नंतर पहिल्यांदाच आला होता. त्याने बूट टेबलावर ठेवले, सांगण्याआधीच खिडकीशी गेला, वाकला आणि डावीउजवीकडे पाहिलं.

"यासाठी मला घेतलं नाहीत?"

"यासाठी," बर्निस म्हणाली. "वरून बरं दिसतं."

"आईला वरून काय करायचं होतं? तिला गुडघेच नव्हते."

"आता कळतं मला ते."

तो खुर्चीवर बसला. तिने त्याला कॉफी दिली, त्याने ती चाखून बाजूला सरकवली. कॉफीच्या बाबतीत तो कुणाचीही भीड ठेवत नाही. भिंतीवर एक्याऐंशी चौकोनांचा तक्ता लावला होता. काही चौकोन भरलेले, काही कोरे.

"किती झाली?" त्याने विचारलं.

"त्रेचाळीस."

"आणि हवीत?"

"आणखी अकरा."

एवेलिओने तक्ता वरपासून खालपर्यंत पाहिला. "मला घेतलं असतंत," तो म्हणाला, "तर दहाच लागली असती."

"माहीत आहे," बर्निस म्हणाली. "मीही तोच हिशेब केला होता." तिने बूट उचलले, टाचेवरून अंगठा फिरवला आणि दाराकडचा कोट घेतला. "चला, दुसऱ्या मजल्यावरची फोर्टुनाटो एक वाजता घरी असते. जिना तुम्ही चढा, मी खालून हाक मारते. तिला सांगा, खुर्ची कुणाची होती ते."

"मी सभासद नाही, सेन्योरा."

"मत द्यायला सभासद लागतो," बर्निस म्हणाली. "सांगायला लागत नाही. वहीत कुठेच नाही, मी पाहिलंय."

तो उठला आणि तिच्या पुढे दाराबाहेर गेला.